गवताच्या आसऱ्याला

ज्वारी गुडघाभर असताना तिच्यात गुरे शिरू द्यायची नाहीत, हे नगर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागत नाही. पावसाने ओढ दिल्यावर खुरटलेली ज्वारी तर आणखी वाईट. कापणीनंतर बुडख्यांतून येणारे हिरवेगार फुटवेही तसेच. भुकेला बैल बांध ओलांडून आत गेला आणि त्याने भराभर चार घास घेतले, की थोड्याच वेळात त्याला धाप लागते, अंग थरथरते, तो आडवा होतो. डॉक्टर वेळेत आला नाही तर जनावर हाती लागत नाही. कोवळ्या ज्वारीत धुरिन नावाचे द्रव्य असते. पान चावले गेले की त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटते. रवंथ करणाऱ्यांच्या पोटातले जिवाणू हे काम आणखी झपाट्याने करतात, म्हणून घोड्यापेक्षा गायबैलाला धोका अधिक. ज्वारी निसवली, दाणा भरला की विष ओसरत जाते आणि वाळलेला कडबा वर्षभर दावणीला चालतो.

बांबू हेही गवतच. सह्याद्रीच्या डोंगरांत पावसाळ्यात त्याच्या कोंबांची भाजी करतात ती उकळून, ते पाणी फेकून देऊन. कारण तेच आहे. कोंबात टॅक्सिफायलिन असते आणि त्यातूनही सायनाइडच सुटते. धुरिन आणि टॅक्सिफायलिन या दोन रेणूंत अणू तेच, संख्याही तीच; फरक फक्त एका कार्बनभोवतीच्या मांडणीचा. ज्वारीचे ताट आणि बांबूचे बेट एकाच गवताच्या कुळातले, आणि त्यांची विषेही इतकी सारखी.

हे विष रोज खाऊन जगणारा एक प्राणी मादागास्कर बेटावर आहे. बेटाच्या आग्नेय भागातल्या रानोमाफानाच्या पावसाळी जंगलात पॅट्रिशिया राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९८६ मध्ये तो दिसला. पुढच्या वर्षी त्याची नवी जाती म्हणून नोंद झाली आणि त्याचे नाव पडले सोनेरी बांबू लेमूर. वजन जेमतेम दीड किलो. दिवसाला तो अर्धा किलोच्या आसपास बांबू खातो, मुख्यतः कोवळे कोंब आणि पानांचे देठ. एवढ्या खाण्यातून त्याच्या पोटात जाणारे सायनाइड, त्याच्या आकाराच्या प्राण्याला मारायला पुरेल त्याच्या सुमारे बारापट असते. त्याचे शरीर हे कसे सोसते, याचा उलगडा अजून पुरता झालेला नाही.

त्याच जंगलात बांबूवर जगणारे आणखी दोन लेमूर आहेत आणि तिघांनी एकच वनस्पती वाटून घेतली आहे. लहान राखी लेमूर मुख्यतः पाने खातो, सोनेरी लेमूर विषारी कोंब खातो आणि थोरला बांबू लेमूर आपल्या बळकट दातांनी जून कांडे फोडून आतला गर खातो. थोरल्याच्या खाण्यात दहापैकी नऊ घासांहून अधिक घास एकाच जातीच्या बांबूचे असतात. जुन्या हाडांवरून दिसते, की एके काळी तो बेटाच्या फार मोठ्या भागात होता. पुढे तो इतका दुर्मीळ झाला, की संपला असेच मानले जात होते. २०१७ मध्ये राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या दातांचा, खाण्याचा आणि बेटाच्या बदलत्या हवामानाचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध केला. कोंब मिळतात तोवर हा लेमूर कठीण कांड्यांच्या वाटेला फारसा जात नाही. कोरड्या महिन्यांत मात्र त्याला तेच फोडावे लागते आणि त्यात पोषण कमी. पाऊस उशिरा येऊ लागला, तर या कांड्यांवर काढायचे दिवस वाढत जातात. जंगलावर कुऱ्हाड पडली नाही, एकही लेमूर कुणी मारला नाही, तरी केवळ कोरडा ऋतू लांबल्याने तो उपाशी मरू शकतो. १९९१ मध्ये रानोमाफाना राष्ट्रीय उद्यान झाले. ते या बांबू लेमूरांसाठी झाले, पण राखायचा होता तो बांबू.

नगर जिल्ह्यात लेमूर नाही. ज्यांचा सगळा जीव गवतावर आहे असे प्राणी मात्र आहेत आणि त्यांच्यासाठी आपण काय केले, याचा हिशेब मांडण्याजोगा आहे. जिल्ह्याला आता अहिल्यानगर म्हणायचे. क्षेत्रफळ १७,०४८ चौरस किलोमीटर, राज्यात सर्वांत मोठा. पश्चिमेला अकोले तालुक्यात कळसूबाई आणि हरिश्चंद्रगड, तिथे धो धो पाऊस. पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे उतरावे तसा पाऊस झपाट्याने कमी होतो आणि कर्जत, जामखेड, श्रीगोंद्याच्या बाजूला वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटरवर येतो, तोही बेभरवशाचा. हा सह्याद्रीच्या पाठीमागचा, पावसाच्या सावलीतला देश. मुरमाड जमीन, मधूनच हिवर, बोर, बाभूळ, तरवड आणि बाकी सगळे गवत: कुसळी, पवन्या, शेडा, मारवेल. याला आपण माळ म्हणतो.

या माळावर कर्जत तालुक्यात रेहेकुरीचे अभयारण्य आहे. ते काळविटांसाठी १९८० मध्ये जाहीर झाले. क्षेत्र २.१७ चौरस किलोमीटर, म्हणजे साडेपाचशे एकरही भरत नाही. जिल्ह्यातल्या एखाद्या मोठ्या गावाची शिवारे याहून मोठी असतात. एवढ्याशा तुकड्यावर आणि त्याच्या भोवतालच्या शेतांवर आज काळविटांचे कळप वावरतात. संख्या शेकड्यांत आहे. अभयारण्य झाले तेव्हा ती हाताच्या बोटांवर नसली, तरी फार थोडी होती. संवर्धनाच्या पुस्तकात यशाची जी उदाहरणे द्यायची, त्यांत रेहेकुरीचे नाव घालायला हरकत नाही.

काळवीट पाहायला पहाटे जावे. ऊन चढले की कळप हिवराच्या विरळ सावलीत बसून घेतात आणि माळाच्या रंगात असे मिसळतात, की पन्नास पावलांवरची मादीही नजरेतून सुटते. पहाटेच्या तिरप्या उजेडात मात्र नर लपत नाही. पाठ काळीभोर, पोट पांढरे, डोळ्यांभोवती पांढरी वर्तुळे आणि पिळदार शिंगे. पुरी वाढलेली शिंगे दोन फुटांच्याही पुढे जातात. मान मागे टाकून, शिंगे पाठीला टेकवून तो आपल्या जागेत फिरतो. ही जागा त्याने लेंड्यांच्या ढिगाऱ्यांनी आखलेली असते. डोळ्यापुढच्या ग्रंथीतला स्राव तो गवताच्या काडीला आणि काटेरी फांदीला लावून ठेवतो. दुसरा नर हद्दीत आला, की आधी शेजारी शेजारी चालत एकमेकांचा अंदाज घेणे, त्यातून भागले नाही तर शिंगाला शिंग. जिथे काळवीट दाटीने राहतात तिथे हे आणखी गुंतागुंतीचे होते. गुजरातेत भावनगरजवळ वेळावदरला अनेक नर एकाच मैदानात अगदी लहान लहान जागा धरून उभे राहतात आणि माद्या तिथे येऊन नर निवडतात. कविता ईश्वरन यांनी या मैदानांचा बारकाईने अभ्यास केला आहे.

मादीला शिंगे नसतात, रंग पिवळसर तपकिरी. सहा महिन्यांच्या आसपास गाभण राहून ती एका पाडसाला जन्म देते. पहिले काही दिवस पाडस आईबरोबर फिरत नाही, उंच गवतात गप्प पडून राहते आणि आई येऊन पाजून जाते. त्याचा सगळा भरवसा आडोशावर असतो. गवत चरून खुरटलेले असेल, तर गावातली मोकाट कुत्री ते पाडस हुडकून काढतात. मोठे झाल्यावर त्याच काळविटाला आडोसा नको असतो, त्याला लांबवर दिसायला हवे असते. लांडगा दिसला, की उंच उड्या घेत कळप निघतो आणि ताशी ऐंशी किलोमीटरच्या घरात जाणारा त्याचा वेग कामी येतो. हा वेग चित्त्याच्या भीतीने घडला असे म्हणतात. भारतातले अखेरचे चित्ते १९४७ मध्ये मारले गेल्याची नोंद आहे. पळणारा मात्र अजून तसाच पळतो आहे. उंच गवत, खुरटे गवत आणि मोकळी नजर, या तिन्हींची गरज एकाच प्राण्याला आयुष्याच्या वेगवेगळ्या वेळी लागते. २.१७ चौरस किलोमीटरमध्ये हे सगळे बसवणे फार अवघड आहे.

म्हणून काळवीट बाहेर येतात. अभयारण्याच्या हद्दीवरच्या शेतकऱ्याला हे अवघडलेपण सर्वांत आधी कळते. पेरणीनंतर कोंब वर आले, की रात्री कळप उतरतो. खाणे होते त्याहून तुडवणे जास्त. हरभरा, मका, ज्वारी, उडीद, कशालाही सोडत नाहीत. रब्बीच्या दिवसांत थंडीत शेकोटी पेटवून राखणीला बसणे, डबे वाजवणे, जुन्या साड्यांचे कुंपण करणे, हे सगळे चालू असते. काळवीट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला हात लावता येत नाही आणि लावूही नये. पिकाच्या नुकसानीची भरपाई शासन देते. त्यासाठी अर्ज, पंचनामा, कागदपत्रे आणि मग वाट पाहणे. मोडलेल्या पिकाचे पैसे पुढच्या पेरणीआधी हाती आले नाहीत, तर त्या भरपाईचा अर्थ राहत नाही. रेहेकुरीचे यश ज्यांच्या शेतात चरते, त्यांचे नाव त्या यशाच्या कागदावर कुठे नाही. ते असायला हवे.

याच तालुक्यात दुसरी एक गोष्ट घडली आणि ती नेमकी उलट दिशेने गेली. १९७९ मध्ये माळढोक या पक्ष्यासाठी अभयारण्य जाहीर झाले. त्यात सोलापूर जिल्ह्यातल्या तालुक्यांबरोबर नगरचे कर्जत, श्रीगोंदा आणि नेवासा हेही होते. क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ निम्म्या नगर जिल्ह्याएवढे. त्यात गावे होती, बाजारपेठा होत्या, रस्ते होते, बागायती होती. लोकांना जमिनीच्या व्यवहारांत, बांधकामांत अडचणी येऊ लागल्या आणि ज्या पक्ष्याला अनेकांनी कधी पाहिलेही नव्हते, त्याच्यावर राग धरला गेला. पुढे न्यायालयाच्या मान्यतेने हे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. कागदावरचा आकडा मोठा होता तेव्हाही आणि लहान झाला तेव्हाही माळढोक कमीच होत गेला. सोलापूरजवळच्या नान्नजला दुष्काळप्रवण क्षेत्र कार्यक्रमातून राखलेल्या कुरणांत तो कसाबसा टिकला होता. आता राज्यात एखाददुसरा दिसला तरी बातमी होते. देशभरात मिळून दीडशेही उरले नसावेत, तेही बहुतेक राजस्थानातल्या थरच्या वाळवंटात.

दोन प्राण्यांच्या नशिबातला हा फरक कुठून आला? काळविटाची मादी लवकर पुन्हा विते, शेतातले पीक खाते, माणसाच्या वस्तीच्या कडेने राहायला शिकते. माळढोकाची मादी सहसा वर्षात एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. ते कुत्र्याने किंवा कावळ्याने नेले, की वर्ष गेले. नर पंधरा किलोपर्यंत भरतो. एवढ्या वजनाच्या पक्ष्याला हवेत चटकन वळता येत नाही आणि त्याची नजर दोन्ही बाजूंना पसरलेली, समोरचे कमी दिसते. त्यामुळे विजेच्या तारांवर आदळून तो मरतो. या तारांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जैसलमेर जिल्ह्यात माळढोकांची अंडी उबवून पिल्ले वाढवण्याचे केंद्र चालू आहे आणि तिथे पिल्ले जगतही आहेत. पण ती सोडायची कुठे? पिल्लू पिंजऱ्यात वाढवता येते, गवताळ माळ नाही.

या माळाचे आपण काय केले, ते सांगताना राग येतो. महसुलाच्या नोंदीत तो पडीक, पोटखराबा किंवा गायरान. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशातही अशा माळांचे मोठे क्षेत्र दाखवलेले आहे. पडीक म्हटले, की ते सुधारायचे आले आणि सुधारायचे म्हणजे झाडे लावायची. पावसाळा आला, की माळावर खड्डे खोदले जातात आणि गिरिपुष्प, सुबाभूळ अशी भराभर वाढणारी झाडे लागतात. नान्नजच्या कुरणांतसुद्धा गिरिपुष्प लावले गेले होते. लावणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. झाड लावणे पुण्याचे, ही शिकवण आपल्या अंगात मुरलेली आहे. पण माळावरचे झाड नुसते उभे राहत नाही. त्याच्या सावलीत उन्हाचे गवत मरते, मोकळी नजर संपते आणि माळढोक ती जागा सोडतो. त्यात वेड्या बाभळीची भर. तिच्या गोड शेंगा काळवीट आवडीने खातात, त्यांच्या लेंड्यांतून बी पसरते आणि खाणाराच आपले कुरण बुजवत जातो. वेळावदरला हे झाले आहे.

गवताची घडण समजून घेतली, की या लागवडीचे नुकसान नीट कळते. झाडाचा वाढीचा डोळा शेंड्याला असतो, तो खुडला की फांदी अडते. गवताचा वाढीचा कोंब जमिनीलगत, बुडाशी सुरक्षित असतो. वरचे पाते खाल्ले, जळले, कापले, तरी ते खालून पुन्हा येते. चरणे, कोरडा ऋतू आणि वणवा यांच्याशी जुळवून घेतच गवत घडले. जमिनीखाली त्याच्या मुळांचे जाळे वर दिसणाऱ्या पात्यांहून कितीतरी मोठे असते, तेच मुरूम धरून ठेवते आणि पावसाचे पाणी मुरवते. असा माळ एकदा नांगरला, की पुन्हा तसाच उभा करायला एका माणसाचे आयुष्य पुरत नाही.

माळ म्हणजे माणसाने तोडून उजाड केलेले जंगल, असा समज फार खोल रुजलेला आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हा समज तपासायला मराठीच कामी आली. पश्चिम महाराष्ट्रातल्या जुन्या ग्रंथांत, ओव्यांत, देवस्थानांच्या कथांत कोणत्या जागी कोणत्या झाडांचा उल्लेख आहे, ते त्यांनी गोळा केले. उल्लेख तेराव्या शतकापर्यंत मागे जातात आणि त्यांत मोकळ्या, काटेरी माळावर वाढणारी झाडे ठळकपणे येतात. म्हणजे यादवांच्या काळातही इथे माळच होता. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तो तालुका पुढे माळढोकांच्या अभयारण्यात यावा, यात मला नवल वाटत नाही. आणखी मागे गेले, तर श्रीगोंद्यापासून फार दूर नसलेल्या, घोड नदीकाठच्या इनामगावच्या उत्खननात तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांनी खाल्लेल्या काळविटांची हाडे निघाली आहेत. याज्ञवल्क्यस्मृतीला तर काळवीट जिथे वावरतो तोच देश धर्माचरणाला योग्य वाटला होता. आपण त्याच जमिनीला पडीक ठरवले.

एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक यांनी उपग्रहांच्या आधारे भारतातल्या अशा मोकळ्या नैसर्गिक जमिनींचा नकाशा केला आहे. देशाचा सुमारे दहावा हिस्सा अशा जमिनींचा आहे आणि त्यातला पाच टक्क्यांहून कमी भाग अभयारण्यांत येतो. उरलेला सगळा गायरानांत, पडीत, खासगी मुरमाड रानांत. म्हणजे गवताचे भवितव्य वनखात्यापेक्षा ग्रामसभांच्या हातात जास्त आहे.

या बाबतीत नगर जिल्ह्याला बाहेरून कुणी धडा द्यायची गरज नाही. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने १९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाल्यापासून चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली. गुरे डोंगरावर सोडायची नाहीत, गवत विळ्याने कापून आणायचे. थोड्याच वर्षांत चारा इतका वाढला, की गावाचे दूध वाढले. विंधनविहिरींच्या पाण्यावर शेती नको, ऊस नको, हेही गावाने ठरवले. जिथे १९५० मध्ये प्रवरानगरला राज्यातला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्या जिल्ह्यात ऊस नाकारणे सोपे नाही. ऊसही गवतच, पण त्याला पाणी लागते आणि कुकडीच्या कालव्याचे, उजनीच्या फुगवट्याचे पाणी जिथे पोचले, तिथला माळ ऊस होऊन गेला. उसात बिबट्या राहतो, काळवीट राहत नाही. हिवरे बाजार काळविटांसाठी काही करायला निघाला नव्हता, त्याला पाणी आणि चारा हवा होता. पण गवत सरकारच्या हुकमाने नाही, गावाच्या ठरावाने वाढते, हे त्याने सिद्ध केले.

माळावर जगणाऱ्या माणसांत धनगर आहेत आणि त्यांचा विचार संवर्धनाच्या आराखड्यांत बहुधा अडथळा म्हणूनच येतो. पारनेरच्या ढवळपुरीसारख्या गावांतले वाडे, म्हणजे एकत्र फिरणाऱ्या धनगर कुटुंबांचे तांडे, दिवाळीच्या सुमारास मेंढ्या घेऊन कोकणाकडे उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. ते जातात तेव्हा माळावरचे गवत पिकून बी झडायला लागलेले असते. मेंढ्या नसलेल्या त्या महिन्यांत कुरणाला विसावा मिळतो. परतल्यावर शेतकरी मेंढ्या रानात बसवून घेतात, लेंडीखताचे मोल देतात. लांडगाही या वाड्यांच्या मागेमागे राहतो, मेंढरे नेतो. धनगर त्याला शिव्या देतात, कुत्री पाळतात, पण बरेच जण तो असणारच असे धरून चालतात. लांडगा टिकला आहे तो मुख्यतः अशा लोकांच्या सोसण्यावर. गायरानांवर सौरप्रकल्प आले, खासगी माळ नांगरला गेला, की वाड्यांच्या वाटा बंद होतात आणि मेंढ्या उरलेल्या तुकड्यांवर वर्षभर अडकून पडतात. मग त्या तुकड्यांतले गवत खरोखरच संपते आणि दोष धनगरांना लागतो.

रेहेकुरीसाठी करण्याजोगी कामे फार मोठी नाहीत. अभयारण्यातली आणि भोवतालची वेडी बाभूळ मुळासकट काढणे, कारण नुसती तोडली तर ती दुप्पट फुटते. नवे झाड न लावणे. उन्हाळ्यात पाणवठे भरणे. चिंकारा पाण्यावाचून दिवस काढतो, काळविटाला ते जमत नाही. कठडा नसलेल्या विहिरींना कठडे बांधणे, कारण रात्री पळणारे हरीण त्यांत पडते. गावातल्या मोकाट कुत्र्यांची नसबंदी. भोवतालच्या गावांनी आपल्या गायरानाचा काही भाग न नांगरता, न खोदता ठेवला, तर त्याचे मोल त्यांना रोखीत मिळावे, पिकाची भरपाई मिळते तसे. आणि कुरणातले गवत कापायचे ते बी झडल्यावर, नोव्हेंबरच्या पुढे. एखादा पट्टा कापायचा आणि शेजारचा उभा ठेवायचा. पुढच्या पाडसांना लपायला तोच पट्टा लागणार आहे.